झाडाची किंमत, झाडाचे मोल : आज्ञापत्रापासून नियमगिरीपर्यंत

१/ सातबाऱ्यावर लागवडीच्या क्षेत्राजवळ एक नोंद असते : ‘पोटखराबा’. शेतातला खडक, ओढा, ओघळ, झुडपांची कड, म्हणजे जिथे पीक निघत नाही आणि म्हणून ज्यावर शेतसाऱ्याचा आकार बसत नाही, असे क्षेत्र तिथे लिहिले जाते. त्या ओढ्याकाठी करवंदीची जाळी असेल, पाखरांची घरटी असतील, वैशाखात गुरे तिथेच पाण्याला जात असतील. कागदावर मात्र तो खराबाच.

२/ हा शब्द जमिनीचे महसुली मोल सांगतो. पर्यावरणविषयक प्रत्येक निर्णयाच्या मुळाशी असेच एखादे मूल्यमापन असते. रान म्हणजे काय? इमारती लाकडाचे कोठार, गुरांचे कुरण, झऱ्यांचा आधार, की देवाचे ठाणे? हे उत्तर ठरले की कायदा बराचसा ठरून जातो. गेल्या तीनशे वर्षांत हे उत्तर कोणी दिले आणि त्यांतले कोणाचे सरकारदप्तरी नोंदले गेले, ते या धाग्यात पाहू.

३/ सुरुवात एका प्रसिद्ध मजकुरापासून. आरमारासाठी आंबा-फणसाची झाडे तोडू नयेत, ही आज्ञा शिवाजी महाराजांचे पत्र म्हणून समाजमाध्यमांवर नेहमी फिरते. प्रत्यक्षात हा मजकूर रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’तला आहे. १७१५ च्या सुमारास, कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या काळात हा राजनीतिग्रंथ सिद्ध झाला. शिवकाळ अनुभवलेल्या मुत्सद्द्याचे ते लेखन असल्याने त्यात थोरल्या महाराजांच्या धोरणाचे प्रतिबिंब आहे, पण ते पत्र नव्हे.

४/ आज्ञा काय आहे? आरमाराला लागणारे सागवान राज्यातल्या अरण्यातून परवानगीने तोडावे, कमी पडल्यास परमुलखातून विकत आणावे. आंबा-फणसाचे लाकूडही उपयोगी असते, परंतु त्याला हात लावू देऊ नये. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, तोडल्यास तिच्या दुःखाला पारावार राहत नाही. एखादे झाड अगदी जीर्ण झालेच असेल तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. बलात्कार सर्वथा करू नये.

५/ याला आजच्या अर्थाने ‘पर्यावरणवाद’ म्हणणे घाईचे होईल. सागवान येथे राज्याची सामग्रीच आहे. लक्षात घेण्याजोगे आहे ते असे, की एकाच परिच्छेदात झाडाला दोन मापे लावली आहेत. सागाला उपयोगाचे माप, आणि आंब्याला त्या झाडात गुंतलेल्या माणसाच्या श्रमाचे व मायेचे माप. द्रव्य दिले तरी ते पुरत नाही, ‘संतोष’ही लागतो. ही दुसरी अट ध्यानात ठेवा. ती पुढे तीनशे वर्षांनी एका न्यायालयीन निकालात वेगळ्या रूपाने भेटेल.

६/ आता मुंबईच्या गोदीत येऊ. १८१७ साली येथे वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली ‘त्रिंकोमाली’ हे ब्रिटिश नौदलाचे लढाऊ जहाज जलावतरित झाले. ते मलबारी सागाचे होते आणि आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगते आहे. सागाचा टिकाऊपणा याहून वेगळा सिद्ध करायला नको. नेपोलियनशी चाललेल्या युद्धांच्या काळात इंग्लंडला ओकचे लाकूड अपुरे पडत होते, त्यामुळे पश्चिम किनाऱ्यावरच्या सागाला एकाएकी साम्राज्याच्या संरक्षणाचे महत्त्व आले.

७/ याच गरजेपोटी १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन याची मलबार व त्रावणकोरसाठी वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. ‘संरक्षक’ हे पदनाम. काम मात्र सागाची मक्तेदारी. खासगी जमीनधारक, लाकडाचे व्यापारी आणि शेतकरी यांच्यात असंतोष वाढत गेला आणि १८२३ मध्ये हे पदच रद्द झाले. भारतातले वनसंरक्षण असे जहाजांसाठी जन्माला आले. ‘संरक्षण’ हा शब्द भेटला की ‘कशासाठी आणि कोणासाठी’ हे विचारण्याची सवय इतिहासाच्या विद्यार्थ्याने लावून घ्यावी, ती याचसाठी.

८/ तथापि वसाहतकाळाला केवळ लाकडाचीच भाषा येत होती, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झालेले अलेक्झांडर गिब्सन मुळात डॉक्टर होते, आणि दापोडीच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षकही. डोंगर उघडे पडले की झरे आटतात, हवामान बिघडते, ही काळजी कंपनीच्या सेवेतील त्यांच्यासारख्या वैद्यांनी वारंवार मांडली. ‘ग्रीन इम्पीरियलिझम’ या १९९५ च्या ग्रंथात रिचर्ड ग्रोव्ह यांनी ही परंपरा तपशिलाने उलगडली आहे. म्हणजे पाण्याचा आधार म्हणून रानाचे मोल सरकारदप्तरी तेव्हाही पोहोचले होते.

९/ मग आगगाडी आली. १८५३ साली मुंबई-ठाणे मार्ग सुरू झाला आणि पुढच्या दशकांत लोहमार्गांचे जाळे देशभर पसरले. मैलामागे हजार-दोन हजार लाकडी स्लीपर लागत, आणि ते बारा-चौदा वर्षांत बदलावे लागत. १८६४ मध्ये जर्मन वनशास्त्रज्ञ डीट्रिच ब्रँडिस यांच्या नेतृत्वाखाली वनखाते उभे राहिले आणि १८६५ मध्ये पहिला वनकायदा आला. तो सरकारला अपुरा वाटला आणि नव्या कायद्याची तयारी सुरू झाली.

१०/ या नव्या कायद्यावरचा वाद मुळातून समजून घेण्यासारखा आहे, कारण तो सरकारच्या आतच झाला. बेडन-पॉवेल या अधिकाऱ्याचे म्हणणे : ज्याला राज्याने स्पष्टपणे हक्क दिलेला नाही, त्याचा रानातला वावर ही केवळ सरकारची मेहेरबानी. मद्रास सरकारचे म्हणणे नेमके उलट : गावकरी पिढ्यान्‌पिढ्या रान वापरत आले आहेत, तोच त्यांचा हक्क. ब्रँडिस मधला मार्ग शोधत होते. काही जंगल सरकारचे असावे आणि काही गावांनी स्वतः सांभाळावे, असे त्यांना वाटे.

११/ १८७८ चा कायदा पहिल्या मताच्या बाजूने झुकला. जंगलांचे राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे तीन वर्ग झाले. ग्रामवनाची तरतूद बहुतांशी कागदावरच राहिली. मद्रासने आपला वेगळा कायदा १८८२ मध्ये केला. ‘हक्क’ आणि ‘सवलत’ हे दोन शब्द तेव्हापासून वनखात्याच्या मराठी कागदपत्रांत जोडीने नांदत आहेत. त्यांच्यातले अंतर गुराख्याला विचारावे : हक्क मागे घेण्यासाठी सरकारला कारण द्यावे लागते, सवलत काढून घेण्यासाठी हुकूम पुरतो.

१२/ याच वर्षी पुणे सार्वजनिक सभेने सरकारला निवेदन पाठवले. जंगल राखायचेच असेल तर गावकऱ्यांना विश्वासात घ्या. जे गाव आपले रान राखील, नवी झाडे लावील, त्याचा गौरव करा, त्याला हुसकू नका, असा त्याचा आशय. ‘लोकसहभागातून वनसंवर्धन’ हा विसाव्या शतकाच्या अखेरीस लागलेला शोध आहे, असे मानणाऱ्यांनी १८७८ चे हे निवेदन जरूर डोळ्यांसमोर ठेवावे.

१३/ पाच वर्षांनी, १८८३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ पूर्ण केला. त्यातले जंगल खात्यावरचे विवेचन हा माझ्या मते एकोणिसाव्या शतकातला मराठीतला सर्वांत नेमका पर्यावरणीय मजकूर आहे. थोडीच जमीन असलेला शेतकरी पूर्वी रानातली फळे, पाने, फुले, लाकूडफाटा विकून आणि गायरानावर एखाद-दुसरी गाय, दोन-चार शेळ्या पाळून गुजराण करी. सरकारने डोंगर-दऱ्यांबरोबर गायरानेही जंगल खात्यात घातली आणि हा आधारच तुटला, असे फुले सांगतात.

१४/ फुल्यांची पद्धत पाहा. ते रानाविषयी भावुक होत नाहीत. ते जमाखर्च मांडतात. परंतु त्यांच्या वहीत असे रकाने आहेत की जे वनखात्याच्या वहीत नव्हते : पळसाची पाने, मोहाची फुले, जळण, शेळीचे दूध. खात्याच्या दृष्टीने ही ‘गौण’ उत्पन्ने. ज्या घराची चूल त्यांवर पेटे, त्या घराला ती मुळीच गौण नव्हती.

१५/ कोकणात हाच झगडा ‘राबा’वरून झाला. भाताची रोपे टाकण्यापूर्वी वाफ्यावर झाडांचे टहाळे, पालापाचोळा, शेण, गवत पसरून जाळतात, तो राब. त्यासाठी ऐनासारख्या झाडांच्या फांद्या दरसाल छाटाव्या लागतात. वनाधिकाऱ्याला असे छाटलेले झाड म्हणजे वाया गेलेला सोट दिसे. शेतकऱ्याला त्याच झाडात पुढच्या वर्षाचा भात दिसे. दोघेही उपयोगाचीच भाषा बोलत होते. फरक इतकाच की एकाच्या उपयोगाला कायद्याचे पाठबळ होते.

१६/ ठाणे-कुलाबा भागात असंतोष इतका वाढला की सरकारला १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा. अशा अहवालांतील साक्षी अवश्य वाचाव्यात. त्यांत राबाची, जळणाची, चराईची गरज नोंदली जाते, कारण ती गाड्यांत आणि भाऱ्यांत मोजता येते. एक गोष्ट मात्र अशा कागदांत फारशी सापडत नाही, ती म्हणजे देवराई.

१७/ सह्याद्रीतल्या देवरायांचा पद्धतशीर अभ्यास १९७० च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी केला. १९७६ मधला त्यांचा निबंध या विषयातला पायाभूत मानला जातो. काळकाई, सोमजाई, वाघजाई अशा देवतांच्या नावाने राखलेल्या या रानांत कुऱ्हाड चालत नसे. गावावर अगदी अडचण आली तर देवाला कौल लावून झाड मागितले जाई. आजूबाजूचे डोंगर बोडके झाले तरी या तुकड्यांत जुने वृक्ष, दुर्मिळ वेली आणि बारमाही झरे टिकून राहिले.

१८/ देवराईचे गोडवे गातानाही सावध राहिले पाहिजे. ‘देवाचे’ म्हणजे सर्वांचे असे नव्हे. अनेक ठिकाणी स्त्रियांना आणि दलितांना तिथे मज्जाव असे. शिवाय श्रद्धा बदलली की मोलही बदलते. अलीकडे देवळाच्या जीर्णोद्धारासाठी देवराईतलीच झाडे विकून स्लॅबचे देऊळ उभारल्याची उदाहरणे कोकणात कमी नाहीत. देव तोच राहिला, पण त्याचे घर रान होते ते आता सिमेंटचे झाले. मूल्ये ही परंपरेत गोठलेली वस्तू नव्हे. प्रत्येक पिढी त्यांची फेरमांडणी करते.

१९/ पुढचा प्रवास झपाट्याने पाहू. १८९४ च्या वनधोरणाने शेतीच्या विस्ताराला झुकते माप दिले. १९५२ च्या धोरणाने एक तृतीयांश भूमी वनाखाली असावी असे ध्येय ठेवले, पण गावांच्या गरजा ‘राष्ट्रहिता’च्या आड येऊ नयेत असेही बजावले. येथे साम्राज्याच्या जागी राष्ट्र आले. गावाची पायरी तीच राहिली. १९८८ च्या धोरणात भाषा खरोखर बदलली. पर्यावरणीय स्थैर्य हे मुख्य उद्दिष्ट झाले आणि थेट आर्थिक लाभ त्याच्या खालच्या पायरीवर गेला.

२०/ मग प्रश्न असा उभा राहिला की धरण, खाण, रस्ता यांसाठी जंगल द्यायचेच झाले तर भरपाई किती? गोदावर्मन खटल्यात १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘जंगल’ शब्दाचा कोशातला व्यापक अर्थ ग्राह्य धरला होता. त्याच खटल्याच्या ओघात जंगलाचे ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ आकारण्याची पद्धत आली. २००८ मध्ये न्यायालयाने हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये असे दर ठरवले. वनाचा प्रकार आणि घनता यांनुसार दर वेगळा.

२१/ या पद्धतीची बाजू आधी समजून घेऊ. तिच्यापूर्वी जंगल वळवताना पाणी धरून ठेवणे, माती राखणे, कार्बन साठवणे यांची किंमत व्यवहारात जवळपास शून्य होती. शून्याच्या जागी काही लाख रुपये आले, हा बदल लहान नव्हे. प्रकल्पाच्या हिशेबात जंगलाला प्रथमच एक ठोस खर्च म्हणून जागा मिळाली. पैशात मोजणेच पाप आहे, अशी भूमिका घेणाऱ्यांनी या शून्याचे उत्तर दिले पाहिजे.

२२/ दुसरी बाजूही तितकीच खरी. किंमत ठरली की ती भरताही येते. ओडिशातील नियमगिरीचा डोंगर हे त्याचे उदाहरण. डोंगराच्या माथ्यावर बॉक्साइट आहे. तोच माथा डोंगरिया कोंध आदिवासींच्या नियमराजाचे ठाणे आहे. ऑगस्ट २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टरलाइट कंपनीच्या मार्फत होणाऱ्या या प्रकल्पाला सशर्त मान्यता दिली. अटींत निव्वळ वर्तमान मूल्यापोटी ५५ कोटी, वन्यजीव आराखड्यासाठी ५०.५३ कोटी, आदिवासी विकासासाठी १२.२० कोटी, शिवाय नफ्यातला वार्षिक वाटा. नियमराजाचा रकाना या यादीत नाही.

२३/ दरम्यान २००६ चा वनहक्क कायदा आला होता. १८७८ ने जे ‘सवलत’ ठरवले होते, त्यातले बरेचसे पुन्हा ‘हक्क’ म्हणून मान्य करणारा हा कायदा. त्याच्या पालनातल्या उणिवा दिसल्यामुळे पर्यावरण मंत्रालयाने २०१० मध्ये या खाणीला वनमंजुरी नाकारली. प्रकरण पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेले. १८ एप्रिल २०१३ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की खाणीमुळे नियमराजाच्या उपासनेच्या हक्काला बाध येतो का, हे तिथल्या ग्रामसभांनीच ठरवावे.

२४/ जुलै-ऑगस्ट २०१३ मध्ये रायगडा व कलाहंडी जिल्ह्यांतल्या १२ ग्रामसभा जिल्हा न्यायाधीशांच्या उपस्थितीत भरल्या. बाराही ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. डोंगर तोच होता आणि त्यातले बॉक्साइटही तेवढेच होते. २००८ आणि २०१३ या दोन निकालांच्या दरम्यान बदलले ते हे की ‘या डोंगराचे मोल काय’ हा प्रश्न दुसऱ्या माणसांना विचारला गेला. आज्ञापत्रातली ‘संतोषा’ची अट आठवा. द्रव्य पुरेसे नाही, ज्याचे झाड आहे त्याची संमती हवी. एका राजाने व्यक्तीपुरती घातलेली अट येथे समूहाचा कायदेशीर हक्क होऊन आली.

२५/ व्याख्याही मूल्ये कशी वाहून नेते, याचे आपल्याकडचे उदाहरण गडचिरोलीतले. १९२७ चा भारतीय वन कायदा बांबूला ‘झाड’ मानत होता. झाड, म्हणून खात्याचे. २००६ च्या कायद्याने बांबूला ‘गौण वनोपज’ म्हटले. गौण वनोपज, म्हणून गावाचे. मेंढा (लेखा) गावाला सुमारे १,८०० हेक्टरांवर सामूहिक वनहक्क २००९ मध्ये मिळाला. तरी बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती येण्यास एप्रिल २०११ उजाडावा लागला. वनस्पतिशास्त्र बांबूला गवत मानते. सारा तंटा एका गवताच्या वर्गीकरणाचा.

२६/ पश्चिम घाटावरच्या दोन अहवालांतला भेदही या दृष्टीने वाचून पाहा. गाडगीळ समितीने (२०११) संपूर्ण घाट संवेदनशील मानून त्याचे तीन स्तर केले आणि सीमा ठरवताना ग्रामसभांना स्थान मागितले. कस्तुरीरंगन गटाने (२०१३) उपग्रह-चित्रांच्या आधारे ‘नैसर्गिक’ आणि ‘सांस्कृतिक’ भूदृश्ये वेगळी केली आणि सुमारे ३७ टक्के क्षेत्र निवडले. शेत, बाग आणि वस्ती निसर्गाच्या आत की बाहेर? हा प्रश्न मूल्यांचा आहे आणि उपग्रहाला त्याचे उत्तर ठाऊक नसते. मसुदा अधिसूचना २०१४ पासून निघत आहेत, सहावी ३१ जुलै २०२४ ची.

२७/ जुलै २०२२ मध्ये जैवविविधतेविषयीच्या आंतरसरकारी मंचाने निसर्गाच्या मूल्यांवरचा अहवाल बॉन येथे स्वीकारला. निसर्गावर जगणे, निसर्गासोबत जगणे, निसर्गात जगणे आणि स्वतःच निसर्ग होऊन जगणे, अशा चार नात्यांची मांडणी त्यात आहे. मूल्यमापनाच्या पन्नासहून अधिक पद्धती उपलब्ध असूनही धोरणांत बाजारात मोजता येणाऱ्या मूल्यांचेच वजन जास्त राहते, हा त्याचा निष्कर्ष. फुल्यांच्या वाचकाला तो अनोळखी वाटणार नाही.

२८/ मग या इतिहासातून हाती काय लागते? ‘पूर्वजांना निसर्गाची कदर होती आणि आपण ती गमावली’ हे सोपे कथन त्यातून निघत नाही. प्रत्येक काळात रानाची अनेक मोले एकाच वेळी जिवंत होती. गिब्सनचे झरे, बेडन-पॉवेलचा साग, फुल्यांची शेळी आणि काळकाईचे ठाणे हे सगळे एकाच शतकातले. धोरणात पोहोचले ते मोल, ज्याच्या मालकाला दप्तरात लिहिण्याचा अधिकार होता. पर्यावरणीय निर्णयांचा इतिहास हा म्हणूनच नोंदीच्या अधिकाराचाही इतिहास आहे.

२९/ आता एक काम वाचकांसाठी. आपल्या गावच्या टेकडीचा, माळाचा किंवा देवराईचा उतारा काढून पाहा. आज तो ऑनलाइन मिळतो. तिथे गायरान लिहिले आहे, वन, देवस्थान, पडीक की खराबा? मग गावातल्या जाणत्या बायाबापड्यांना विचारा, की त्या जागेला तुम्ही काय म्हणता आणि तिथून काय आणता. दोन्ही उत्तरे एका कागदावर शेजारी शेजारी लिहा. उद्या त्या जागेवर खाणीची, रस्त्याची किंवा प्रकल्पाची सूचना लागली तर हरकत घेण्याची मुदत थोड्या दिवसांची असते. तोवर हा कागद तयार असलेला बरा. आपल्याला काय सापडले, ते या धाग्याखाली जरूर लिहा.

(समाप्त)